वाचकांचे प्रश्न : एकाच माणसाचा बँड

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. दिवसा एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहतो आणि रात्री गिटार, बेस व कीबोर्ड वाजवतो. प्रोग्रेसिव्ह रॉकची (लांब रचना आणि विषम मात्रांच्या रॉक संगीताची) आवड असणारे सोबती न मिळाल्यामुळे गेली चार वर्षे सर्व वाद्ये मीच वाजवून घरी ध्वनिमुद्रण करतो. ड्रम संगणकावर लिहितो, पण ते यांत्रिक वाटतात, विशेषतः सात मात्रांच्या भागात. खोली दहा बाय दहा फुटांची, छतही तेवढेच उंच. शेजारी यंत्रमाग चालतात. गाताना पंखा बंद करावा लागतो. बेसचे काही स्वर घुमतात, तर खुर्चीवर बसून ऐकताना ते नाहीसेच होतात. 22 मिनिटांची एक रचना दोन वर्षांपासून अपुरी असून तिच्यात आता 94 ट्रॅक (वेगवेगळे मुद्रित केलेले थर) झाले आहेत. भारी कंडेन्सर मायक्रोफोन आणि भिंतींना फोम यांवर चाळीस हजार रुपये खर्च करावेत का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला प्रश्न मायक्रोफोनचा असला तरी माझे लक्ष 94 या आकड्यावर खिळले. त्याकडे शेवटी येतो, कारण खोलीची तक्रार खरी आहे आणि तिचे कारण गणिताने सांगता येते.

दहा फूट म्हणजे सुमारे 3.05 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनिलहरीची अर्धी लांबी नेमकी मावते, ती लहर त्या खोलीत घुमते. आपल्या खोलीत तिची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 56 येते. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असल्याने तिन्ही दिशांना हाच आकडा येतो, म्हणून ध्वनिमुद्रणासाठी घनाकृती खोली सर्वांत गैरसोयीची मानतात. आता योगायोग पाहा : बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार 55 कंपनांवर लावलेली असते. म्हणजे आपली खोली त्या एका तारेची जणू पेटीच झाली आहे. भिंतीजवळ आणि कोपऱ्यात तो स्वर फुगतो, खोलीच्या बरोबर मध्यभागी तो जवळजवळ विरतो. आपली खुर्ची मध्यभागी असणार, असा माझा अंदाज आहे. ती हलवून समोरच्या भिंतीपासून चार फुटांच्या किंचित आत आणा आणि बेसचा निर्णय नेहमी हेडफोनवरही तपासा. खुर्ची हलवायला पैसे लागत नाहीत.

फोमने हे सुटणार नाही. इतक्या खोल स्वराला शोषायला मऊ पदार्थाची जाडी मीटरच्या हिशेबात लागते. दोन इंचांचा फोम फक्त वरचे, तीव्र स्वर खातो. शिवाय आवाज शोषणे आणि आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. मागांचा आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेली दारे-खिडक्या लागतात. भिंतीला चिकटवलेल्या स्पंजाला ते काम जमत नाही. गाण्याचा आवाज भिंतीवरून परत येऊ नये एवढेच साधायचे असेल, तर गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन-तीन जाड चादरी भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगा. चादरींच्या गावात राहून फोम मागवण्यासाठी पैसे पाठवणे मला, खरे सांगायचे तर, थोडे खटकते.

मायक्रोफोन कंडेन्सर नको. तो संवेदनशील असतो, म्हणजे आपल्या गळ्याबरोबर शेजारच्या मागाचा धोटाही तो तितक्याच आस्थेने टिपेल. साधा डायनॅमिक मायक्रोफोन तोंडापासून तीन-चार इंचांवर ठेवा आणि त्याची पाठ मागांच्या दिशेच्या खिडकीकडे करा. पाठीमागचा आवाज तो सर्वांत कमी घेतो. अंतर निम्मे केले की खोलीच्या तुलनेत आपला आवाज सुमारे 6 डेसिबलने वर येतो. हा फायदा भारी मायक्रोफोन घेऊनही मिळणार नाही.

पंख्याविषयी एक वेगळी सवय सुचवतो. इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि कीबोर्ड तारेने थेट इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीत) जातात, त्यांना पंखा ऐकू येत नाही. म्हणून ही वाद्ये एप्रिल-मेमध्ये पंखा लावून बिनधास्त मुद्रित करा. गायन आणि अकूस्टिक गिटार मात्र थंडीसाठी राखून ठेवा. मीही याच गावात ध्वनिमुद्रणाचे काम करतो आणि गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतल्या पहाटे, माग बंद असताना, जे गायन मिळते ते बेचाळीस अंशांच्या दुपारी घामाघूम गळ्यातून कधीच मिळाले नाही. गिटारमध्ये सतत घूं ऐकू येत असेल, तर तो 50 हर्ट्झच्या विजेचा आहे; घराचे अर्थिंग तपासून घ्या आणि वाजवताना ट्यूबलाइटपासून थोडे तिरपे बसून पाहा.

ड्रमविषयी. सात मात्रा यांत्रिक वाटतात, कारण बहुधा आपण त्या माऊसने चौकटीत भरता आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सारखाच जोरकस ठोका ठेवता. आपल्या कानांना सात मात्रा परक्या नाहीत. रूपकाची विभागणी तीन-दोन-दोन अशी आहे आणि त्यात समेलाच, म्हणजे पहिल्या मात्रेलाच, ‘खाली’ (टाळीऐवजी मोकळा हात) येते, म्हणजे जिथे रॉकचा ड्रमर सर्वांत जोरात पाय मारेल तिथे आपला तबलजी डग्ग्याचा घुमारा बंद ठेवून हलकेच वाजवतो. एका आवर्तनात समेवर वजन ठेवा, पुढच्यात ते चौथ्या मात्रेवर न्या. रचनेला लगेच श्वास येतो. प्रत्येक ठोक्याचा जोर 1 ते 127 या आकड्यांत ठरवता येतो, पण ते आकडे बसून भरण्यापेक्षा निदान हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) तरी कीबोर्डवर बोटांनी वाजवा. आणि ड्रमरला दोनच हात असतात हे विसरू नका : हाय-हॅट, स्नेअर आणि झांज यांवर हातांचे तीन ठोके एकाच क्षणी पडत असतील, तर त्यातला एक खोटा आहे आणि कानाला ते कळते.

शेजारच्या मागाला केवळ शत्रू मानू नये. टॉवेल विणण्याच्या प्रचलित पद्धतीत बाण्याचे (आडवे) दोन धागे विणलेल्या कापडाच्या कडेपासून थोडे मागे ठेवतात आणि तिसऱ्या धाग्याला फणी तिघांनाही एकदम पुढे रेटते; त्यातूनच टॉवेलचे फासे उभे राहतात. म्हणजे आपल्या कारखान्यात दिवसभर तीनचे आवर्तन चालू असते. त्यावर सात मात्रांची गिटार टाका. दोघे 21 मात्रांनी पुन्हा समेवर भेटतील. प्रोग्रेसिव्ह रॉकची अर्धी गंमत अशा उशिरा होणाऱ्या भेटींतच आहे आणि आपल्याला तिचा ठेका फुकट मिळतो.

आता 94. एकट्याने घडवलेल्या संगीताचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे माइक ओल्डफील्ड यांची 1973 मधील ‘ट्युब्युलर बेल्स’. तिच्या सुरुवातीच्या पियानोत सात आणि आठ मात्रा आलटून-पालटून येतात. विशीही न गाठलेल्या या मुलाने बहुतेक सर्व वाद्ये स्वतः वाजवली, पण टेप 16 ट्रॅकची होती. जागा संपली की आधीचे थर एकत्र मिसळून पक्के करावे लागत, आणि एकदा मिसळलेले परत वेगळे होत नसे. दुसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते : तिथले ड्रम स्टीव्ह ब्रॉटन यांनी वाजवले आहेत, आणि काचेपलीकडे टॉम न्यूमन व सायमन हेवर्थ हे दोन निर्माते बसलेले होते. स्टीव्हन विल्सन यांनी 1987 मध्ये ‘पॉर्क्युपाइन ट्री’ हा बँड घरच्या घरी, एकट्यानेच सुरू केला. 1993 मध्ये रंगमंचावर जायची वेळ आली तेव्हा त्यांनीही माणसे जमवलीच.

आपल्याकडे वाद्ये आहेत, वाजवणारा आहे. ‘हे काढून टाक’ म्हणणारा नाही. दोन वर्षांचा उशीर माझ्या मते त्यामुळेच झाला आहे, कारण एकटा माणूस शंका आली की थर वाढवतो. म्हणून मूळ काम जपून त्याची एक प्रत करा आणि ती 16 ट्रॅकवर आणा. मग ती फोनवर घेऊन पहाटे सिद्धेश्वर तलावाकाठी चालताना एकदाच ऐका. पडद्यावरच्या रेघा समोर नसताना जिथे मन भरकटेल, ते मिनिट लिहून ठेवा. नंतर तीच प्रत एखाद्या भजनी मंडळातल्या तबलजीला ऐकवा. त्याने प्रोग्रेसिव्ह रॉक हे नावही ऐकलेले नसले तर उत्तम. लय कुठे सुटते हे तो नाव न विचारताच सांगेल.

चाळीस हजारांपैकी निम्म्यात डायनॅमिक मायक्रोफोन आणि बंद कपांचे चांगले हेडफोन येतील. उरलेल्या पैशांत एखाद्या ड्रमरला त्या 22 मिनिटांसाठी एका दिवसाचे मानधन द्या.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीवरून आला की खोलीचे दार लावून घेतो. विचारले तर ‘माझा बँड आहे’ म्हणतो, पण बँडमध्ये तो एकटाच! आमच्याकडे बँड म्हणजे वरातीचा. तोच तुकडा रात्री पन्नास वेळा ऐकू येतो, तेव्हा काळजी वाटते. पाहुण्यांना काय सांगावे?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : तुकडा पन्नास वेळा ऐकू येणे हे या कामात नेहमीचेच आहे. एक वाद्य आधीच्या वाद्यावर नेमके बसेपर्यंत ते पुन्हा पुन्हा वाजवावे लागते, आणि आपल्याला दाराबाहेर त्यातले एकच वाद्य ऐकू येते, बाकीची त्याच्या हेडफोनमध्ये असतात. तो नोकरी करतो, जेवतो, बोलतो, तर एवढ्यावरून काळजीचे कारण मला दिसत नाही. मात्र एका रविवारी त्याच्याकडून संपूर्ण रचना मागून घ्या आणि सलग ऐका. ‘छान आहे’ एवढेच म्हणून उठू नका. कंटाळा कुठे आला ती जागा त्याला दाखवा. पाहुण्यांना ‘रेकॉर्डिंग करतो’ असे सांगितले तरी पुरे.