जिप्सीची बसलेली कमान आणि सत्तर हजारांचं कर्ज

पाटण तालुक्यातून एका वाचकांनी विचारलं आहे: "२०१२ ची जिप्सी मागून बसली आहे. घरीच जादा पाटा आणि लांब शॅकल टाकायचं सामान ९,००० आणि हत्यारं १२,०००, म्हणजे २१,००० लागतील. गॅरेजवाले मागच्या दोन्ही कमानी नव्या टाकून, बुश आणि यू-बोल्टसह २४,००० सांगतात. आहेत त्याच कमानींना पुन्हा बाक द्यायचा तर ६,०००. मोठ्या टायरांसह लिफ्ट किट ९५,००० ला आहे, त्यातल्या ७०,००० साठी १५ टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज मिळतंय. पगार ४८,०००, घरखर्च ३४,०००. बचत खात्यात ६०,०००, मुलीच्या शाळेच्या फीसाठी आरडीत १,१०,०००. काय करू?"

नमस्कार. कमान म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पाट्यांची, गाडीचं वजन पेलणारी स्प्रिंग. तिचं टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारी हलती पट्टी म्हणजे शॅकल, आणि तिला ॲक्सलशी आवळून धरतात ते यू-बोल्ट. कर्ज काढू नका आणि आरडीला हात लावू नका. गाडी मात्र नक्की दुरुस्त करा. शेतावर जायला, खताच्या गोण्या न्यायला ती रोज लागते असं तुम्ही लिहिलं आहे, त्यामुळे हा खर्च हौसेचा नाही. हौसेचा भाग आहे तो मूळ उंचीच्या वर जाण्याचा.

आधी लिफ्ट किटचा, म्हणजे गाडी मूळ उंचीच्या वर नेणाऱ्या सामानाचा, हिशोब. ७०,००० रुपयांचा १५ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता सुमारे ३,३९४ रुपये येतो. एकूण फेड ८१,००० च्या वर, म्हणजे साडेअकरा हजारांच्या आसपास नुसतं व्याज. वर मोठे टायर म्हणजे ॲव्हरेज कमी आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणार. कायद्याची बाजूही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या आड येऊ शकतो तो वेगळाच. कंपनीच्या मापाची नवी कमान टाकणं ही साधी दुरुस्ती आहे, तिला यातलं काहीच लागू नाही.

आता घरी करायचा बेत. गॅरेजपेक्षा तो फक्त ३,००० नी स्वस्त पडतो आणि त्या पैशात मिळणारी वस्तू कमी दर्जाची आहे. थकलेल्या पाट्यांमध्ये एक नवा पाटा सरकवला की मागची बाजू उचलते, पण जुने पाटे थकलेलेच राहतात आणि रिकामी गाडी आदळायला लागते. लांब शॅकलने तर जितकी लांबी वाढवाल त्याच्या निम्मीच उंची मिळते, शिवाय ॲक्सलचा कोन बदलून, इंजिनाची ताकद ॲक्सलकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, ताण येतो. आज वाचवलेले पैसे तिथे जातील. शॉकअब बदला म्हणजे गाडी उचलेल, असंही कोणी सांगेल. ऐकू नका. साधे हायड्रॉलिक शॉकअब गाडीचं वजन पेलत नाहीत, ते फक्त उसळी आवरतात.

तरीही घरी करण्यासारखं बरंच आहे आणि ते फुकट आहे. टपावरचा लोखंडी कॅरियर आणि मागे कायम पडलेलं सामान काढा. सपाट जागी, चारही टायरांत योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या. डावी-उजवीकडे फरक मोठा असेल तर एखादा पाटा तुटलेला असू शकतो, पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या आसपास नीट बघा. शॅकल गंजून जाम झालं असेल तरी गाडी तिरकी उभी राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कमान जिथे चासीला अडकते ते ब्रॅकेट ब्रशने घासून तपासा. माझ्या दृष्टीने हा निर्णय तिथेच ठरतो. तिथली चासी गंजून पोकळ झाली असेल तर २४,००० च्या नव्या कमानी टाकण्यात अर्थ नाही, आधी चासीच्या कामाचा अंदाज घ्या. २०१२ च्या गाडीची आरसी २०२७ मध्ये नव्याने करावी लागेल. त्या वेळी गाडी तपासली जाते, नूतनीकरणाची फी ५,००० आणि वर पर्यावरण कर असतो. तो खर्च आताच धरून चला.

चासी शाबूत असेल तर माझं मत नव्या कमानींना. ६,००० चा बाक वाईट नाही, पण पाट्यांना नीट उष्णता आणि पाणी दिलं नाही तर गाडी पुन्हा बसते. वर्षभरात विकायचीच असेल तर तेवढं पुरे. तुम्हाला ती पाच वर्षं चालवायची आहे.

पैसे कुठून? कर्जाचा ३,३९४ चा हप्ता तुम्ही दरमहा भरणारच होता. तेवढीच रक्कम सात महिने बाजूला काढली तर जवळपास २३,७५८ होतात, म्हणजे गॅरेजचं बिल. पाटा तुटलेला नसेल तर सात महिने ओझं कमी ठेवून थांबा. तुटलेला असेल तर थांबू नका, बचत खात्यातून २४,००० काढा आणि त्याच हप्त्याने ते भरून काढा. तेवढे महिने तुमच्याकडे एका महिन्याच्या खर्चाहून थोडीच जास्त शिल्लक राहील, म्हणून त्या काळात दुसरी कुठलीही मोठी खरेदी नको.

हे सगळं वाचूनही स्वतःच कमान उतरवायची असेल तर हत्यारांच्या यादीत चासीखाली लावायचे मजबूत स्टँड सर्वांत वर ठेवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. गाडीच्या पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं, दवाखान्याचं बिल त्यातून मिळत नाही. तुमच्या पत्रात आरोग्य विम्याचा उल्लेख नाही. तो नसेल तर कमानीच्या आधी त्याची चौकशी करा.

गॅरेजला द्या किंवा घरी करा, यू-बोल्ट नवेच वापरायला सांगा, जुने ताणलेले असतात. शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबरी बुश पिळून लवकर जातात. आणि काही शे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. गॅरेजवाल्याला हे पैसे ठरवतानाच सांगून ठेवा, म्हणजे त्याचे वेगळे लागणार नाहीत.