इंग्रजीतल्या ‘रन’चे एवढे अर्थ लक्षात कसे ठेवायचे?

‘रन’ हा शब्द पहिलीतल्या मुलालाही येतो, मग शब्दकोशात त्याचे अर्थ संपतच का नाहीत आणि ते पाठ कसे करायचे, असं तुम्ही विचारलंय. पाठ करू नका. मी भाषांतराचं काम करते. सुरुवातीला या शब्दावर मीही अडायचे, कारण ‘रन म्हणजे धावणे’ हे डोक्यात घट्ट बसलं होतं.

अडण्यात तुमची काही चूक नाही. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९८९च्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता, क्रियापदाचे सुमारे ४३०. पुढे ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले! पीटर गिलिव्हर या कोशकाराला त्या एका नोंदीसाठी नऊ महिने लागले.

आता उपाय. धावणे बाजूला ठेवा आणि आधी ‘चालणे’ लावून बघा. यंत्र, दुकान, नाटकाचे प्रयोग, संगणकावरचा प्रोग्रॅम ही सगळी इंग्रजीत ‘रन’ होतात, मराठीत चालतात. ‘रन अ कंपनी’ म्हणजे कंपनी चालवणे. इंग्रजी दोन्हीकडे एकच रूप वापरतं, आपल्याकडे चालणे-चालवणे अशी सोय आहे. यंत्राला पाय नसतात, तरी ते ‘चालतं’ म्हणताना आपण क्षणभरही थबकत नाही. इंग्रजी माणसाचं ‘रन’बद्दल तेच.

चालणे बसलं नाही तर ‘वाहणे’. नदी, नळ, सर्दीने गळणारं नाक. इथे शब्दाचा इतिहासही मदतीला येतो: जुन्या इंग्रजीतल्या मूळ क्रियापदात धावणं आणि वाहणं दोन्ही होतं. जर्मनमधलं ‘रिनेन’ त्याच कुळातलं, आणि त्याचा अर्थ आजही वाहणं, पाझरणं असाच आहे. कपड्याचा रंग पाण्यात ‘रन’ होतो, तोही याच घरातला.

खरंखुरं धावणं उरतं ते क्रिकेटच्या धावेत, आणि बँकेवरच्या ‘रन’मध्येही: बँक बुडणार अशी भीती पसरली की ठेवीदार पैसे काढायला धाव घेतात.

माझं सर्वात आवडतं उदाहरण निवडणुकीचं. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो. आपल्याकडेही तो उभाच राहतो! म्हणजे अमेरिकी वाक्य मराठीत आणताना धावणाऱ्याला चक्क उभं करायचं. असं काही सापडलं की मला दिवसभर बरं वाटतं.

शेपूट जोडलेले प्रयोग मात्र वेगळेच शब्द समजा. ‘रन इनटू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, ‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचं संपणे. आणि ‘रन अ फीव्हर’ला वरचं काहीच लागू पडत नाही. आपल्याला ताप येतो, चढतो, उतरतो, पण चालत किंवा वाहत नाही. तो वहीत वेगळा लिहून ठेवा.