सॉफ्टबॉलच्या मैदानाला तात्पुरतं कुंपण कसलं घ्यावं आणि कसं लावावं?

तुम्ही विचारलंय की तासगावजवळच्या हायस्कूलच्या मैदानावर १७ वर्षांखालील मुलींचे सामने घ्यायचे आहेत आणि आउटफील्डला (मैदानाच्या लांबच्या भागाला) कुंपण हवंय. पण तेच मैदान क्रिकेटला लागतं, पहाटे पोलीस भरतीची पोरं तिथंच पळतात, त्यामुळं कायमचं काही रोवता येत नाही. मी सांगलीत मुलींना सॉफ्टबॉल शिकवतो. आमचं मैदानही असंच सगळ्यांचं आहे, म्हणून लिहितोय.

आधी काय घेऊ नये ते सांगतो. मांडववाला लोखंडी बॅरिकेड फुकट देतो म्हणाला तरी नको. नजर वर चेंडूकडे लावून मागं मागं पळणारी मुलगी कुंपणावर आदळणार, हे धरूनच चालायचं. ती आदळली की कुंपण लवलं पाहिजे. त्यामुळं लोखंडी अँगल, काटेरी तार, बागेतून उपटून आणलेले जुने खांब हे सगळं बाद. बांबू स्वस्त पडतो, पण मोडला की त्याच्या चिरफळ्या निघतात. मी तोही लावत नाही.

अंतर किती ठेवायचं? आंतरराष्ट्रीय सामन्यांत कुंपण होम प्लेटपासून (फलंदाज जिथं उभी राहते ती पाटी) महिलांना २२० फूट आणि पुरुषांना २५० फूट असतं. शाळेच्या मुलींना २०० फूट पुरे, असं माझं मत. २२० वर लावलं तर अख्ख्या स्पर्धेत एकही होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडं जाणारा फटका) बघायला मिळायचा नाही. तरी संयोजकांच्या नियमपत्रकात अंतर दिलेलं असेल, तर तेच धरा.

२०० फुटांचा हिशोब तुमच्या भागात फार सोयीचा बसतो. होम प्लेटपासून निघणाऱ्या दोन हद्दीच्या रेषा, म्हणजे फाउल लाइनी, त्यांच्यामधला कोन ९० अंशांचा, म्हणजे कुंपणाची लांबी वर्तुळाच्या पाव भागाएवढी, साधारण ३१४ फूट. बेदाण्याच्या शेडला लावतात ते हिरवं शेडनेट ३ मीटर रुंद आणि ५० मीटर लांब अशा रोलमध्ये मिळतं. रोल उभा मधोमध कापला की दीड मीटर रुंदीचे दोन पट्टे होतात, मिळून १०० मीटर, म्हणजे ३२८ फूट. एका रोलमध्ये काम भागतं. दीड मीटर म्हणजे जवळजवळ पाच फूट. वर-खाली दुमडून शिवलं की चार फूट उंची उरते आणि तेवढीच हवी. ताडपत्री शिवणाऱ्याकडून वरच्या आणि खालच्या दुमडीत दोरी ओवून घ्या, दर १० फुटांवर पाइप घालायला खिसा करून घ्या. नेट ५० टक्के सावलीचं घ्या, ७५ चं नको, त्याला वारा जास्त लागतो. कुणी जुनं शेडचं नेट देऊ केलं तर हात लावून बघा. उन्हानं पिचलेलं असेल तर बोटानं फाटतं. शिवाय द्राक्षं सुकवताना वापरतात त्या डिपिंग ऑइलचा चिकटा जाता जात नाही.

वरच्या कडेला ठिबकची जुनी १६ मिमीची लॅटरल (नळी) उभी चिरून बसवा आणि पिवळी रंगवा. चेंडू वरून गेला की खालून, हे अंपायरला लांबून दिसतं आणि मुलींच्या हाताला दोरी कापत नाही. आमच्याकडं ही युक्ती एका पालकानं सुचवली, त्यांची द्राक्षबाग आहे.

खरा खर्च आणि खरं डोकं खांबांना लागतं. खांब ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपचे आणि जमिनीत त्यांना घर ५० मिमीच्या पाइपचं, दीड फूट खोल, तोंड जमिनीच्या जरा खाली. खांब घरात थोडा हलतो, तो हलू द्या. १० फुटांवर एक धरला तर ३३ खांब होतात. सामना संपला की खांब उपसायचे आणि प्रत्येक घराला टोपण लावून वर माती सारायची. ही टोपणं विसरू नका. अंधारात पळणाऱ्या पोराचा पाय त्या भोकात गेला तर त्याची भरतीच हुकेल.

तुमच्याकडं काळी माती असणार. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइप सैल होतात. पहारीनं खड्डा जरा मोठा घ्या, पाइपाभोवती मुरूम भरून थोडं पाणी मारा आणि ठोकून घट्ट करा.

आखणी करताना टेप होम प्लेटच्या मागच्या टोकापासून धरायचा. काटकोन गवंड्याच्या पद्धतीनं ३०-४०-५० फुटांनी काढा. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, म्हणून कंस टेपनंच मारा आणि फक्कीनं खुणा करा. खांब बाहेरच्या बाजूनं कलते बसवा, कारण ताणलेली जाळी कंसात खांबांना आत ओढते. जाळी मधून सुरू करून दोन्ही टोकांकडं न्या. खिसे आणि गाठी बाहेरच्या बाजूला, खेळाडूंकडं सपाट जाळीच आली पाहिजे. सगळ्यात जास्त ताण टोकाच्या दोन खांबांवर येतो. तिथं जाड पाइप, बाहेरच्या बाजूला ताणाच्या दोऱ्या आणि खांबाला फोम. फाउल पोल (फाउल लाइन कुंपणाला मिळते तिथला उंच खांब) फेअर बाजूला, म्हणजे हद्दीच्या आतच धरतात, त्याच्या आणि जाळीच्या मध्ये फट नको.

खालची कड जमिनीला टेकलेली हवी. १२ इंच घेराच्या चेंडूचा व्यास पावणेचार इंचाच्या आसपास असतो, त्यामुळं तीन इंचांपेक्षा मोठी फट म्हणजे भांडणाला आमंत्रण. चेंडू खालून गेला किंवा टप्पा पडून वरून गेला तर दोन बेस मिळतात. पण फील्डरच्या धक्क्यानं जाळी झुकली तर झेल मानायचा की नाही, हे सामन्याआधीच दोन्ही संघांसमोर अंपायरकडून ठरवून घ्या.

वळीव आला तर जाळी तशीच ठेवून बघत बसू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. खांब उपसा आणि गुंडाळून ठेवा. चार-पाच पोरी असल्या की पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. देणगीदारांचे फ्लेक्स मात्र या कुंपणावर अजिबात बांधू देऊ नका, वाऱ्यात त्याचं शीड होतं. ते बॅकस्टॉपच्या (होम प्लेटमागच्या जाळीच्या) मागं शाळेच्या भिंतीवर लावा. तिथं त्यांचा फोटोही चांगला येतो, त्यामुळं सहसा कुणी रागावत नाही.