७८ गुण घरी, ६१ गुण राष्ट्रीयला

कोथरूडहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी अकरावी सायन्सला आहे आणि आठवीपासून चीअरलीडिंगच्या संघात खेळते. राज्य निवड स्पर्धेत मुलींच्या गटात ९ संघ होते आणि पहिले ३ राष्ट्रीयसाठी जाणार होते. मुलीचा संघ ७८.४ गुणांवर चौथा आला, तिसऱ्या संघाला ७९.२ होते. मिश्र गटात मात्र दोनच संघ उतरले आणि दोन्ही पात्र ठरले. त्यातल्या दुसऱ्याला ६१ गुण होते. आता आयोजक म्हणतात की प्रत्येकी २८,००० रुपये भरले तर ‘खुल्या प्रवेशा’तून राष्ट्रीयला येता येईल. मुलगी चिडली आहे. जिम्नॅस्टिक्सचा क्लास सोडून सगळा वेळ संघाला द्यायचं म्हणते. आई विचारतात: हा कुठला न्याय? पैसे भरावेत का? आणि यात पुढे काही आहे का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र आणि सोबतची गुणपत्रिका दोन्ही नीट वाचली. तुमचा राग खरा आहे, पण तो थोडा चुकीच्या जागी गेला आहे.

७८ आणि ६१ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. गट बदलला की कठीणतेची मोजपट्टीही बदलते. मुलींच्या गटात फ्लायरला (वर चढणारी मुलगी) सहसा दोन बेस (खालून उचलणारे) आणि एक बॅकस्पॉट (मागून आधार देणारी) मिळून उचलतात, तर मिश्र गटात एकट्या बेसने फ्लायरला डोक्यावर तोलून धरणं अपेक्षित असतं. ज्या संघात तेवढ्या ताकदीची मुलं नाहीत त्याचे गुण तिथेच पडतात. म्हणजे ६१ वाला संघ तुमच्या मुलीच्या संघापेक्षा १७ गुणांनी कच्चा, असं म्हणता येणार नाही. कदाचित असेलही, पण या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही.

तुमच्या तक्रारीचा दुसरा भाग मात्र पूर्ण बरोबर आहे. दोनच संघ उतरलेल्या गटात ‘पहिले तीन पात्र’ या नियमाला काही अर्थच राहत नाही. मैदानात हजर राहिलं की पात्रता मिळाली. क्रमांकावर जागा देण्याच्या पद्धतीचं हे मूळ दुखणं आहे: तुम्ही किती चांगले आहात यापेक्षा तुमच्या शेजारी कोण उभं आहे यावर निकाल ठरतो. आपल्या बीडच्या अविनाश साबळेंचं टोकियो ऑलिंपिक आठवा. ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) दुसऱ्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीच्या दुसऱ्या गटात, ते ८:१८.१२ अशा राष्ट्रीय विक्रमी वेळेत धावले आणि सातवे आले. प्रत्येक हीटमधले पहिले तीन आणि उरलेल्यांतले सहा वेगवान, असा नियम होता. तिसऱ्या हीटमधले पहिले तिघे त्यांच्यापेक्षा हळू धावूनही अंतिम फेरीत गेले आणि साबळे बाहेर राहिले. तिथे निदान घड्याळ सगळ्यांना एकच होतं. चीअरलीडिंगमध्ये घड्याळाच्या जागी पंच असतात, म्हणून इथे नियम आणखी काळजीने लिहायला हवेत.

मग क्रमांक सोडून सरळ गुणांची रेषा आखली तर? समजा, ७५ च्या वर गुण मिळवणारे सगळे पात्र. हे ऐकायला स्वच्छ वाटतं, पण त्यातही गोची आहे. निवड स्पर्धा तीन शहरांत, तीन वेगवेगळ्या पंचमंडळांपुढे झाल्या तर एका ठिकाणचे ७५ दुसरीकडचे ७१ असू शकतात. सैल हाताने गुण देणारं मंडळ कुठलं, हे दोन वर्षांत सगळ्या प्रशिक्षकांना कळतं आणि संघ तिकडे वळतात. शिवाय काही गुणपत्रिकांत कठीणतेचा टप्पा किती जणींनी ते कौशल्य केलं यावर ठरतो. २० जणींच्या संघात बहुसंख्य म्हणजे ११, तीन चतुर्थांश म्हणजे १५. चौदा जणींनी बॅक हँडस्प्रिंग (हातांवरून मागे उलटी उडी) सुरेख मारली आणि पंधरावी अडखळली, तर अख्खा संघ खालच्या टप्प्यात जातो. एका पंचाने १५ मोजल्या आणि दुसऱ्याने १४, की रेषेच्या अलीकडे-पलीकडे झालंच.

तिसरी पद्धत अमेरिकेतल्या क्लब संघांची. फ्लोरिडातल्या ऑरलँडो इथे २००४ पासून होणाऱ्या ‘द चीअरलीडिंग वर्ल्ड्स’साठी ‘बिड’, म्हणजे प्रवेशाचं निमंत्रण, मिळवावं लागतं. ठरावीक स्पर्धांमध्ये ही बिडं दिली जातात. काहींत प्रवासाचा खर्च मिळतो, काहींत अर्धामुर्धा मिळतो आणि ‘अ‍ॅट लार्ज’ बिड असेल तर खर्च आपला आपण करायचा. एका हंगामात एकाच संघाला अनेक ठिकाणी प्रयत्न करता येतो. साहजिकच ज्याच्याकडे पैसा जास्त, त्याला संधीही जास्त. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या: तिथे स्वखर्चाचं बिडसुद्धा स्पर्धेत उतरून मिळवावं लागतं. तुम्हाला देऊ केलेल्या ‘खुल्या प्रवेशा’त असं काही आहे का? फक्त पैसे भरणे एवढीच अट असेल, तर ती पात्रता नव्हे, ते तिकीट आहे.

आणि प्रत्येक वेळी सर्वांत बलवान संघ निवडणं हाच हेतू असतो असंही नाही. आंतरराष्ट्रीय चीअर युनियनच्या जागतिक स्पर्धेत प्रत्येक देशाला एका गटात एकच संघ पाठवता येतो. अमेरिकेचा दुसऱ्या क्रमांकाचा संघ कित्येक देशांच्या विजेत्यांना सहज हरवेल, तरी तो घरी बसतो, कारण तिथे खेळ जगभर पसरवायचा आहे. तुमच्याकडचे आयोजकही म्हणू शकतात की मिश्र गट वाढावा म्हणून आम्ही जागा राखल्या. म्हणणं रास्त आहे, पण ते स्पर्धेआधी लिहून द्यायला हवं होतं.

हे फक्त भावनेचं प्रकरण नाही. २०१० मध्ये अमेरिकेत क्विनिपियाक विद्यापीठाच्या खटल्यात न्यायालयाने स्पर्धात्मक चीअरलीडिंगला विद्यापीठाच्या खेळांत मोजायला नकार दिला आणि २०१२ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. मुलींची मेहनत कमी पडली म्हणून नव्हे. सगळीकडे एकसारखे नियम नाहीत, प्रतिस्पर्धी कोण असावेत याची नीट व्यवस्था नाही, ही त्यामागची कारणं होती. पात्रतेचे नियम ढिले ठेवले की त्याची किंमत खेळाडूच मोजतात. म्हणून तुम्ही हा विषय सोडू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

आयोजकांकडे मागणी करताना ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं लिहू नका. पुढच्या वर्षाच्या परिपत्रकात काय हवं ते लिहा. गटात किमान चार संघ असतील तरच तीन जागा. दोन-तीन संघ असतील तर एकच जागा, तीही किमान गुण ओलांडले तर. मग शिल्लक राहिलेल्या जागा कोणाला मिळतील तेही आधीच ठरलेलं असावं. माझ्या मते त्या मोठ्या गटांतल्या चौथ्या-पाचव्या संघांना मिळाव्यात. सगळ्या विभागीय स्पर्धांना निदान मुख्य पंच एकच असावा. प्रत्येक संघाला विभागवार गुण आणि वजावटी लेखी मिळाव्यात. अशा पत्रावर चार-पाच संघांच्या प्रशिक्षकांच्या सह्या असल्या तर ते टोपलीत जात नाही.

आता तुमच्या गुणपत्रिकेकडे येऊ, कारण खरी जागा तिथेच गेली आहे. वजावटी पाहा: पिरॅमिडमधल्या पडझडीचे दीड, वेळ ओलांडल्याचा अर्धा. एकूण २ गुण. त्या नसत्या तर संघ ८०.४ वर असता, तिसऱ्या संघाच्या १.२ पुढे. मिश्र गटातल्या संघाने तुमची जागा घेतलेली नाही. हे मुलीला शांतपणे, कागद समोर ठेवून दाखवा.

वेळेची चूक तर सरावाआधीच टाळता येते. रुटीनची, म्हणजे संघाच्या पूर्ण सादरीकरणाची, मर्यादा अडीच मिनिटं असेल आणि संगीताचा वेग मिनिटाला १४४ ठोके असेल, तर एकूण ३६० ठोके होतात, म्हणजे आठाचे ४५ काउंट. बरेच संघ संगीत बरोबर ४५ काउंटचं कापून आणतात. मग कोणाची पहिली हालचाल संगीताच्या आधी होते, शेवटची पोझ एक श्वास उशिरा लागते आणि घड्याळ पुढे जातं. ४४ काउंटचं संगीत केलं की साधारण सव्वातीन सेकंद हातात राहतात. वेळ पहिल्या हालचालीपासून मोजतात की पहिल्या सुरापासून, हे नियमावलीत पाहून घ्या.

पिरॅमिड का पडतं याची कारणं साधारण ठरलेली असतात. ते रुटीनच्या शेवटच्या टप्प्यात येतं, आणि सरावात मात्र ताज्या दमाने सुटंसुटं बसवलं जातं. दहीहंडीच्या पथकात वरचा थर खालच्या थराचे खांदे पाहून चढतो. इथे दीड मिनिट उड्या मारून दमलेल्या बेसचे खांदे आठाच्या काउंटवर तयार असावे लागतात. शेवटच्या तीन आठवड्यांत दर सरावात निदान एकदा पूर्ण रुटीन न थांबता करायचं, आणि पिरॅमिड कोसळलं तर तिथून नव्हे, आधीच्या टॉसपासून (फ्लायरला हवेत उडवण्यापासून) पुन्हा सुरू करायचं. दुसरं कारण जागेचं. स्पर्धेची मॅट ५४ बाय ४२ फुटांची असते, साधारण साडेसोळा बाय पावणेतेरा मीटर. कॉलेजच्या लहान हॉलमध्ये सराव केला की मुली दोन पावलांत जागेवर पोचतात. स्पर्धेत त्याच काउंटमध्ये चार पावलं पडतात आणि बेस उशिरा पोचतात. ग्राउंडवर चुन्याने किंवा हॉलमध्ये टेपने पूर्ण चौकट आखून घ्या. व्हिडिओ मधोमध उंचावरून, संपूर्ण मॅट दिसेल असा घ्यावा. स्पर्धेच्या दिवशी वजावटीबद्दल दाद मागायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो. ही दाद ठरलेल्या मुदतीत, प्रशिक्षकांनीच मागायची असते, पालकांनी पंचांच्या टेबलाकडे जायचं नसतं.

२८,००० चं काय? पैसे भरण्याआधी आयोजकांकडून दोन गोष्टी लेखी घ्या: खुल्या प्रवेशाचे संघ क्रमवारीत आणि पदकांसाठी धरले जातात का, आणि प्रमाणपत्रावर ‘खुला प्रवेश’ असं वेगळं छापलं जातं का. मग जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज देऊन विचारा की हा खेळ आणि ही संघटना यंदा बारावीच्या क्रीडागुणांसाठी आणि खेळाडू आरक्षणासाठी ग्राह्य आहे का. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते आणि तिथे खेळ, संघटना, स्पर्धेचा दर्जा आणि मिळालेला क्रमांक सगळं तपासलं जातं, हे अनेकांना उशिरा कळतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय चीअर युनियनला पूर्ण मान्यता दिली, ही बातमी खरी आहे. पण त्यामुळे तो ऑलिंपिकमधला खेळ झाला नाही आणि इथल्या प्रत्येक संघटनेच्या कागदाला वजनही आलं नाही. क्रीडागुण आणि आरक्षण दोन्हींबाबत क्रीडा कार्यालयाचं उत्तर नकारार्थी आलं तर पैसे भरू नका. मैत्रिणींसोबत एक मोठी स्पर्धा अनुभवायची, एवढ्यासाठी जायचं असेल आणि घराला ते झेपत असेल तर जरूर पाठवा, पण ती सहल समजून.

जिम्नॅस्टिक्सचा क्लास मात्र सोडू देऊ नका. मुलीचं गणित मला समजतं: आंतरराष्ट्रीय चीअर युनियनच्या १०० गुणांच्या पत्रिकेत पार्टनर स्टंट (फ्लायरला उचलून धरणं) आणि पिरॅमिडला प्रत्येकी २५, बास्केट टॉसला १५ आणि टम्बलिंगला (कोलांट्या-उड्यांना) फक्त १०. मग त्यासाठी वेगळा क्लास कशाला? कारण स्टंट आणि पिरॅमिडचे गुण संघाचे आहेत. बारावीनंतर दोन बेस बेंगळुरूला आणि फ्लायर नागपूरला गेली की ते कौशल्य दाखवायला माणसंच उरत नाहीत. राउंड-ऑफ, बॅक हँडस्प्रिंग, टक तिचे स्वतःचे आहेत. ते कुठल्याही संघात, कुठल्याही शहरात तिच्याबरोबर जातात. तिला माणसं उचलण्याचीच गोडी असेल तर अ‍ॅक्रोबॅटिक जिम्नॅस्टिक्स पाहा. त्यात मुलींचा तिघींचा गट असतो, बेस आणि टॉपची भाषा तीच आहे, आणि तो आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाचा अधिकृत प्रकार आहे.

पुढच्या कमाईबद्दल स्पष्ट सांगते: आपल्याकडे निव्वळ चीअर खेळाडू म्हणून पोट भरत नाही. क्रिकेटच्या सामन्यात दिसतं ते नृत्यसादरीकरणाचं काम आहे, त्याचा या स्पर्धांशी संबंध नाही. चालणारे रस्ते शेजारचे आहेत. पदवीनंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षणाचा डिप्लोमा; पुण्यातच गुलटेकडीला महाराष्ट्रीय मंडळाचं आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे; आणि सायन्स घेतलंच आहे तर फिजिओथेरपी. फ्लायरचे घोटे आणि बेसची मनगटं कशी दुखावतात हे अंगावर अनुभवलेल्या मुलीला तो अभ्यास परका वाटणार नाही. त्यासाठी जीवशास्त्र हातचं जाऊ देऊ नका. गणिताच्या ओढीने ते सोडायचं बोलणं चाललं असेल तर आधी याचा विचार करा.

आठवड्याची मांडणी मी अशी करेन: संघाचा सराव तीन दिवस, जिम्नॅस्टिक्स दोन दिवस, एक दिवस पूर्ण विश्रांती आणि एक दिवस फक्त अभ्यास. फेब्रुवारीपासून वार्षिक परीक्षा संपेपर्यंत संघाचा सराव दोन दिवसांवर आणा. प्रशिक्षकांना हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे ते पिरॅमिडमध्ये तिच्या जागेवर दुसरी मुलगी तयार करू शकतील. आणि आयोजकांना द्यायच्या पत्राचा मसुदा मुलीलाच लिहू द्या, गुणपत्रिकेची प्रत जोडून. पोच घ्यायला विसरू नका.