पाकिटातले जंतू आणि क्रोन्सची सूज

प्रश्न : डॉक्टर, माझ्या २३ वर्षांच्या मुलाला क्रोन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणारा आजार, निघालाय. लहान आतड्याच्या शेवटाला सूज आहे. आधी टीबीच्या गोळ्या झाल्या, गुण आला नाही. आता अ‍ॅझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळीवर पोट बरंच शांत आहे. ह्यांचा मावसभाऊ म्हणतो, हा सगळा खराब बॅक्टेरियाचा खेळ आहे, चांगल्या बॅक्टेरियाची पाकिटं सुरू केली की गोळ्या सुटतील. खरं आहे का? आणि भाकरी, शेंगाचटणी बंदच करायची का? सध्या सगळं घर वरणभातावर आहे.
— एक आई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, भावजींचं निम्मं बरोबर आहे. जंतूंचा हात आहे, पण म्हणून गोळ्या सुटत नाहीत.

आधी टीबीचं सांगतो, कारण ती सल तुमच्या मनात दिसते. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स, दोन्ही लहान आतड्याच्या त्याच टोकाला बसतात आणि दुर्बिणीतूनही कधीकधी सारखेच दिसतात. आपल्याकडे टीबी भरपूर, म्हणून आधी त्याचे उपचार करून बघणं हे नेहमीचंच आहे.

आता जंतू. १९९१ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी एक गोष्ट नोंदवली. क्रोन्सच्या काही रुग्णांचं खराब आतडं कापून त्यांनी शौचाची वाट तात्पुरती पोटावर काढली होती. पुढचं आतडं जोपर्यंत रिकामं होतं तोपर्यंत शांत राहिलं. वाट पुन्हा जोडली आणि काही महिन्यांत सूज परत आली. म्हणजे आतड्यातून जे वाहतं, जंतूंसकट, त्यावरच शरीर भडकतं.

कोणते जंतू? फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्नित्झी नावाचा एक निरोगी माणसाच्या आतड्यात मुबलक असतो, क्रोन्समध्ये बऱ्याचदा घटतो. तो अन्नातल्या तंतूंपासून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतो. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं ते मुख्य खाद्य आणि सूज शमवणारंही. उलट ई. कोलाय या जंतूची एक चिवट जात काही रुग्णांच्या लहान आतड्याच्या अस्तराला चिकटते, आतही शिरते. आपल्या चादरीची वीण सैल पडावी तसं अस्तर सैल झालं की जंतूंचे अंश आत झिरपतात आणि पांढऱ्या पेशी मागे लागतात. एरवी पोटातल्या जंतूंना शरीर खपवून घेतं, इथे तेच बिघडलेलं असतं. २००१ मध्ये सापडलेलं नॉड-टू हे जनुक जंतूंच्या भिंतीचा तुकडा ओळखण्याचंच काम करतं. युरोपीय रुग्णांत आढळणारे त्यातले बिघाड भारतीयांत मात्र क्वचितच दिसतात, त्यामुळे सगळा दोष घराण्यावर टाकू नका.

गुंता असा, की सुजलेल्या आतड्यात प्राणवायू वाढतो आणि त्यात ई. कोलाय फोफावतो, प्राउस्नित्झी मरतो. आधी सूज की आधी जंतूंचा बिघाड, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

म्हणूनच पाकिटांवर माझा भरवसा नाही. प्राउस्नित्झीला हवा सोसत नाही, तो साध्या पाकिटात टिकायचा कसा? मेडिकलमध्ये मिळतात ते बहुतेक लॅक्टोबॅसिलस, बायफिडो, नाहीतर जुलाबावर देतात ते क्लॉसी जातीचे जंतू. क्रोन्सची सूज त्यांनी उतरते असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली क्रोन्ससाठी ती संशोधनाबाहेर वापरू नयेत असंच म्हटलं. घरचं दही सोसत असेल तर खुशाल द्या, पण औषध म्हणून नको.

भाकरीचं उत्तर स्कॅनवर आहे. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर शेंगा, मक्याचे दाणे, सालं, अंबाडीसारख्या भाज्यांचे दोरे तिथे अडकू शकतात. तसं असेल तर हे टाळा, भाकरीचंही डॉक्टरांना विचारा. अरुंद भाग नसेल आणि पोट शांत असेल तर ज्वारी बंद करायचं कारण नाही, त्यातले तंतू ब्युटिरेटवाल्यांचं अन्न आहेत. चटणी बारीक कुटा, तिखट हात आखडून. बाकीच्यांनी आपली भाकरी आजपासूनच सुरू करावी, वरणभाताची शिक्षा सगळ्या घराला कशाला?

विडी-सिगारेट ओढत असेल तर तेवढी मात्र सोडवाच, क्रोन्स तिने नक्की बळावतो. डोकं दुखलं म्हणून आयब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या परस्पर नकोत. पोट फुगून उलट्या झाल्या आणि वारा सरेनासा झाला तर रात्र काढू नका, दवाखाना गाठा. अ‍ॅझाथायोप्रिन चालू असेपर्यंत रक्ततपासणी चुकवायची नाही. पाकिटांना लागणारे पैसे शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीकडे वळवा. बाहेरून पोट शांत दिसलं तरी आत सूज आहे का, ते त्यावरून कळतं, आणि गोळ्या कमी करायच्या का हे तुमचे डॉक्टर तो आकडा बघूनच बोलू शकतील.