वाचकांचे प्रश्न : पागडी, मोठं डिपॉझिट, सिडकोचा भाडेपट्टा आणि कुळाची जमीन

प्रश्न : नौपाड्यातल्या चाळीत आमची ३१० चौरस फुटांची खोली आहे. वडिलांनी ती पागडीने, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे देऊन, घेतली होती. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण भाडेपावती अजून त्यांच्याच नावाने फाटते. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, खोलीला कुलूप असतं. आता गिऱ्हाईक आलं आहे आणि मालक विक्रीच्या रकमेतला तिसरा हिस्सा मागतो. कायद्यात असा दर आहे का?
– एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : दर कायद्यात नाही, रिवाजात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५६ ने पागडीची देवघेव कायदेशीर केली, पण कुणी किती घ्यायचे ते ठरवलं नाही. मालकाच्या संमतीविना हक्क दुसऱ्याला दिला तर तेच कारण धरून तो जागा खाली करून मागू शकतो. म्हणजे तिसरा हिस्सा ही त्याच्या सहीची किंमत. त्याच्या बाजूने हिशेब मांडून बघा. भाडं काहीशे रुपये, त्यात वाढ वर्षाला ४ टक्के, वर मालमत्ता कर आणि दुरुस्ती. अशा इमारतीतून मालकाला खरी कमाई होते ती भाडेकरू बदलताना. तो हिस्सा सोडणार नाही. घासाघीस मात्र होते, आणि टक्क्यांपेक्षा अटींवर करावी : नवी पावती कोणत्या तारखेपासून, खोलीचं मोजमाप दस्तात लिहिणार की नाही, मुद्रांक शुल्क कुणी भरायचं.

तुमची मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती दोन ठिकाणी आहे. पहिली, कुलूप. सबळ कारण नसताना दाव्याच्या तारखेआधी सलग सहा महिने जागा वापरात नसेल, तर कलम १६ खाली मालक ताबा मागू शकतो. असे दावे विजेच्या बिलावर उभे राहतात. महिनोन्महिने शून्य युनिट दिसलं की तोंडी साक्षींना फारसं वजन उरत नाही. दुसरी, वारस. राहत्या जागेचा भाडेहक्क मृत्यूच्या वेळी भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. मृत्युपत्राने तो कुणाला देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच तसं म्हटलं आहे. वडील गेले तेव्हा त्यांच्याबरोबर तिथे कोण राहत होतं, हे त्या काळच्या रेशनकार्डावरून आणि मतदार यादीवरून जुळवा. पावती आधी त्या व्यक्तीच्या नावावर करून घ्या, विक्रीचं नंतर. बहीण-भाऊ असतील तर त्यांची लेखी संमती घ्या, नाहीतर गिऱ्हाइकाचा वकील शेवटच्या दिवशी तेच काढून बसतो.

व्यवहार दोन तऱ्हांनी होतो. एकात तुम्ही, मालक आणि नवा भाडेकरू तिघे एकाच हस्तांतर दस्तावर सही करता. दुसऱ्यात तुम्ही जागा मालकाला परत करता आणि तो नव्याला भाड्याने देतो. दुसऱ्या तऱ्हेत जागा सोडल्याचा कागद आधी आणि पैसे मागून, असा घोळ होतो. म्हणून पे-ऑर्डर, सह्या आणि किल्ली एकाच बैठकीत. दस्त नोंदवा, हिस्सा रोखीत मागितला तर नकार द्या. आयकरात भाडेहक्क ही भांडवली मत्ता आहे. पागडी दिल्याची जुनी चिठ्ठी हाती नसेल तर खरेदी किंमत शून्य धरली जाते आणि जवळजवळ सगळी रक्कम नफा ठरते. ती चिठ्ठी ट्रंकेत शोधायला एक रविवार घालवा.

गिऱ्हाइकालाही एक सांगा : इमारत महापालिकेच्या यादीत सी-१, म्हणजे अतिधोकादायक, असेल तर खोली रिकामी करण्याआधी भाडेकरू म्हणून आपलं नाव आणि क्षेत्रफळ महापालिकेकडून लेखी घ्यावं. इमारत पडल्यावर मोजायला भिंती उरत नाहीत.

प्रश्न : पाचपाखाडीत फ्लॅट बघितला. मालक दोन पर्याय देतो : ४ लाख डिपॉझिट आणि महिना ३०,००० भाडं, किंवा २० लाख डिपॉझिट आणि १४,००० भाडं. दलाल म्हणतो दुसरा घ्या, पैसा सुरक्षित आहे. शिवाय ‘अकरा महिन्यांचा करार, नोटरी पुरे’.
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : १६ लाख जास्त देऊन महिन्याला १६,००० वाचतात, वर्षाला १,९२,०००. म्हणजे १२ टक्के. बँकेतली मुदत ठेव ७ टक्क्यांनी धरली तर तिचं व्याज १,१२,००० येतं, त्यावर करही लागतो. कागदावर दुसरा पर्याय सरस. पण हाच व्यवहार उलट बाजूने वाचा. मालक तुमच्याकडून १२ टक्क्यांनी, तारणाशिवाय कर्ज घेतो आहे. स्वच्छ मालकीचा फ्लॅट ज्याच्या हाती आहे त्याला बँक त्यावर सहसा याहून स्वस्तात कर्ज देते. मग तो तुमच्याकडे का आला? कधी उत्तर साधं असतं, मुलाची फी किंवा धंद्यातली निकड. कधी फ्लॅट आधीच गहाण असतो आणि हप्ते थकलेले असतात. तसं असलं तर बँक सरफेसी, म्हणजे थकीत कर्जाच्या वसुलीच्या, कायद्याखाली ताबा घेते आणि तुमचे २० लाख मालकाकडून वसूल करत फिरणं तुमच्या वाट्याला येतं. घरावर तुमचा बोजा नसतो.

म्हणून आधी सोसायटीच्या सचिवांना विचारा, या फ्लॅटवर बँकेच्या कर्जाची नोंद आहे का. सोसायट्यांकडे ती बहुधा असते. गहाण मालमत्तांची देशभरातली नोंद ठेवणाऱ्या सेरसाईच्या नोंदवहीत नाममात्र शुल्कात शोध घ्या. इंडेक्स-२, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, त्यावरचं नाव आणि करार करणाऱ्याचं नाव एकच आहे ना, ते बघा. फ्लॅट पती-पत्नी दोघांच्या नावावर आणि सही एकाचीच, हे ठाण्यात रोज घडतं. आमचं मत विचाराल तर पहिला पर्याय घ्या. दुसरा घ्यायचाच असेल तर डिपॉझिट बँकेतूनच द्या, आणि ते परत मिळेपर्यंत ताबा सोडणार नाही व त्या काळाचं भाडं लागणार नाही, असं कलम करारात घाला.

नोटरीचं म्हणणं चूक. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही हा सर्वसाधारण नियम लोकांच्या डोक्यात बसला आहे. पण आपल्या राज्यात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मुळे लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक काळ राहू देणं) अकरा महिन्यांचं असो की पाच, करार लेखी आणि नोंदवलेला हवा. जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. खर्च म्हणाल तर किती? पहिल्या पर्यायाने २४ महिने धरू : भाडं ७,२०,०००, अधिक परताव्याच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांचे ८०,०००. एकूण ८ लाख, त्यावर ०.२५ टक्के, म्हणजे मुद्रांक शुल्क २,००० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. यापुढे दलाल सांगेल तो त्याचा मेहनताना.

नोंदणीत मालकाचंही हित आहे. मुदत संपून माणूस हलला नाही तर नोंदलेल्या करारावर कोकण विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळाची रक्कम दुप्पट दराने लागते. कराराच्या शीर्षकात ‘भाडेकरू’, ‘भाडेपट्टा’ असे शब्द घालू नका. आणि मालक स्वतः न राहता फ्लॅट दुसऱ्याला देतो म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क या नावाने सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त मागत असेल तर तसा तिला अधिकार नाही.

प्रश्न : नेरूळमध्ये साडेबारा टक्के योजनेतल्या इमारतीत फ्लॅट स्वस्त मिळतो आहे. विकणारा म्हणतो, सिडकोकडे जायची गरज नाही, कुलमुखत्यारपत्र देतो.
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : घेऊ नका. नवी मुंबईसाठी ज्यांची जमीन गेली त्या प्रकल्पग्रस्तांना या योजनेत भूखंड मिळाले. तो भूखंड सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, भाडेपट्ट्याने, साधारणपणे ६० वर्षांसाठी, दिलेला आहे. जमिनीचा हक्क हलवायला सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. देणारा वारला की ते सहसा निकामी होतं आणि वारस दारात उभे राहतात. फ्लॅट स्वस्त आहे तो याच जोखमीमुळे. भूखंडाचा भाडेपट्टा झाला आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, मूळ प्रकल्पग्रस्तापासून आजपर्यंतच्या प्रत्येक विक्रीला परवानगी आहे का, हे तीन कागद मागा. एखादा दुवा तुटला असेल तर बँक कर्ज देत नाही. उद्या तुमच्या गिऱ्हाइकालाही देणार नाही.

प्रश्न : आजोबा कूळ होते. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा आहे. जमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मोठा नजराणा लागेल, असं गावात सांगतात.
– एक वाचक, कळवा

उत्तर : गावातली माहिती जुनी आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कूळ मालक झालं आणि कुळकायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरून कलम ३२म चं खरेदी प्रमाणपत्र मिळालं, अशा जमिनीला खरेदीपासून दहा वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर विक्रीची पूर्वपरवानगी लागत नाही. आकाराच्या चाळीस पट नजराणा सरकारला भरायचा. आकार म्हणजे सातबाऱ्यावरचा शेतसारा. तो ७ रुपये २५ पैसे असेल तर नजराणा २९० रुपये. गावातला एजंट यासाठी हजारात पैसे मागत असेल तर ते कशाचे, हे त्यालाच विचारा.

३२म ची प्रत आणि तिचा फेरफार तहसील कार्यालयातून काढा, तहसीलदारांकडे अर्ज करा, चलन भरा, आणि शेरा कमी झाल्याचा फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हाती येईपर्यंत इसार घेऊ नका. घेणारा शेतकरी असला पाहिजे, कमाल धारणा आणि तुकडेबंदीची बंधनं कायम आहेत. प्रकरण अडतं ते दोन जागी. ३२ग ची किंमत पूर्ण भरलीच नसेल तर ३२म निघालेलंच नसतं. आणि खातेदार आदिवासी असेल तर महसूल संहितेच्या ३६ आणि ३६अ ची परवानगी वेगळी लागते. चाळीस पटीने ती सुटत नाही.