पानावर १४० वॅट, लॅपटॉपमध्ये ७५

प्रश्न : मुलाला गेम खेळण्यासाठी ९४ हजारांचा लॅपटॉप ऑनलाइन घेतला. विक्रीच्या पानावर ग्राफिक्स कार्ड 'आरटीएक्स ४०६०, १४० वॅट' असं लिहिलं होतं. गेम अडखळायला लागले म्हणून तपासलं, तर कार्ड ७५ वॅटचं निघालं. विक्रेता म्हणतो, कार्ड ४०६०च आहे, आणि परत करायचे ७ दिवसही संपले. काय करू? (सांगली)

उत्तर : कार्ड ४०६०च आहे, हे विक्रेत्याचं म्हणणं खरं आहे. म्हणून 'लॅपटॉप बिघडलेला आहे' अशी तक्रार करू नका, ती तिथेच अडकेल. लॅपटॉपमधलं ४०६० हे ३५ ते ११५ वॅटपर्यंत कुठल्याही मर्यादेवर बसवलेलं असतं; डायनॅमिक बूस्ट (प्रोसेसरच्या वाट्याची वीज गरजेला कार्डाकडे वळवणारी सोय) धरून काही मॉडेलांत आकडा १४० वर जातो. ही मर्यादा लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. वीज कमी, तर वेगही कमी; म्हणून नाव एकच, वेग वेगळा. तुमची तक्रार एवढीच ठेवा : जाहिरातीत लिहिलेला गुण वस्तूत नाही.

त्यामुळे सगळी भिस्त त्या पानावर आहे. ते बदलायच्या आत, आजच, पत्ता आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. बिलावरचा आणि लॅपटॉपच्या तळावरचा मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एकाच मालिकेत फरक तिथेच असतो. मग मूळ चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर, कार्ड बनवणाऱ्या एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमधल्या 'सिस्टीम इन्फर्मेशन'चा सलग व्हिडिओ काढा. बॅटरीवर किंवा छोट्या टाइप-सी चार्जरवर कार्ड मुळातच कमी वीज घेतं. 'तपासताना चार्जर कोणता होता', हाच पहिला प्रश्न समोरचा वकील विचारील. मागचं झाकण उघडू नका, बायोसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला) हात लावू नका.

७ दिवसांचं म्हणाल, तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला नियम ६ तुमच्या बाजूचा आहे : जाहिरातीतले गुण नसलेली वस्तू परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. आधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, नोंद करा. तरीही हलले नाहीत, तर विक्रेता आणि संकेतस्थळ दोघांना स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस पाठवा.

त्यानंतर सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता तिथे तक्रार चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार घरून दाखल होते, वकील लागतोच असं नाही. तक्रार करायची मुदत २ वर्षांची. समोरच्याने तांत्रिक वाद घातला तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

मागणी करताना 'बदलून द्या' लिहू नका, तेच मॉडेल पुन्हा ७५ वॅटचंच येईल. पूर्ण रक्कम व्याजासह, नुकसानभरपाई आणि खर्च मागा. बिल मात्र आधी पाहा. ते तुमच्या स्वतःच्या दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर काढलेलं असेल, तर 'व्यापारी खरेदी' म्हणून तुमचं ग्राहकपणच नाकारलं जाऊ शकतं. तसं असल्यास लॅपटॉप घरी मुलगा वापरतो हे प्रतिज्ञापत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहा.